कच्च्या टाक्यांचा कोट

माझा चिक्कप्पा नवं गाणं आधी आरशासमोर म्हणायचा. आरसा घरातला नव्हे, आमच्या दुकानातला. गिऱ्हाइकाला कोटाची ट्रायल देताना डोक्यापासून पायापर्यंत दिसावं म्हणून लावलेला. शिवरामपेटेतलं आमचं शिंपीकामाचं दुकान नऊला उघडायचं. चिक्कप्पा साडेआठला यायचा, अर्ध्या वर सारलेल्या शटरखालून वाकून आत शिरायचा, आरशासमोर उभा राहायचा आणि कापायच्या टेबलामागे उभ्या असलेल्या माझ्या वडिलांना म्हणायचा, "अण्णा, ट्रायल घे." मग दोन्ही हात खाली सोडून, माप द्यायला उभा राहिल्यासारखा सरळ उभा राहून तो एक इंग्रजी गाणं म्हणायचा.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, इंग्रजी येत नव्हतं. गळ्यात टेप, हातात खडू, मान खाली. गाणं संपेपर्यंत ते कापडावर रेघा मारत राहायचे. संपलं की निकाल द्यायचे. "खांद्यात ओढतंय." किंवा, "गळ्याला घट्ट होतंय." एकदा तर म्हणाले, "बाही लांब झाली, दोन बोटं कमी कर." चिक्कप्पा हे सगळं मुकाट ऐकून घ्यायचा आणि पुढच्या सोमवारी तेच गाणं दोन बोटं कमी करून आणायचा. गिऱ्हाइकाचा कोट नीट बसला की अप्पा फक्त दोन शब्द बोलायचे, "बरं बसलंय." ते ऐकायला मोठमोठे वकील त्या आरशासमोर पोट आत ओढून उभे राहायचे. चिक्कप्पाच्या इंग्रजी गाण्याला ते दोन शब्द चाळीस वर्षांत मिळाले नाहीत. याला मी साक्षीदार आहे. शाळेत जायच्या आधी दुकानातल्या बाकावर बसून मी गृहपाठ उरकत असे.

चिक्कप्पा म्हणजे धाकटा काका. आम्ही पिढ्यानपिढ्या मैसूरचे, त्यामुळे घरात मराठी बोलायचो तरी नात्यांना कन्नडच नावं. त्याचं खरं नाव श्रीपाद. बंगळूरमध्ये मात्र तो सिड होता. 'रेड ऑक्साइड' नावाच्या रॉक बँडचा गायक. आमच्या घरातल्या लाल जमिनीवर बसून चौघं सराव करायचे, म्हणून बँडला त्या जमिनीचंच नाव. आठवडाभर तो सकाळी सव्वानऊच्या गाडीने नंजनगूडच्या एका कारखान्यात जायचा, तिथे स्टोअरमध्ये कारकून होता. शनिवारी बंगळूर. खांद्यापर्यंत केस. मॅनेजरने केस कापायला सांगितलं की म्हणायचा, "सर, केस शनिवारचे आहेत. बाकीचे दिवस मी नुसते बांधून ठेवतो."

त्याचं रॉक म्हणजे ओरडणं होतं. मी त्याची पुतणी, पण खोटं कशाला सांगू? दसऱ्याच्या प्रदर्शनाच्या मैदानावर एकदा त्यांचा कार्यक्रम झाला. त्याच्या मानेच्या शिरा मागच्या रांगेतून दिसत होत्या. अंगात तांबडी सॅटिनची बेलबॉटम, शर्टाच्या बाह्यांना झालर. हे सगळं शिवलं होतं हेडमास्तरांचे आणि वकिलांचे काळे कोट शिवणाऱ्या माझ्या वडिलांनी. पहिल्यांदा मापाला तो अशा कपड्यांचं चित्र घेऊन आला तेव्हा अप्पांनी ते बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं होतं आणि फक्त कापड किती लागेल ते सांगितलं होतं. कार्यक्रम संपल्यावर त्याने विचारलं, कसं झालं? अप्पा म्हणाले, "पँट बरी बसलीय. गाणं ओढतंय."

हाच माणूस एकादशीला आमच्या विठ्ठल मंदिरात केस बांधून, धोतर नेसून बसायचा. भजनी मंडळाचे गणपतराव त्याच्या हातात टाळ द्यायचे आणि पहिला अभंग तो म्हणायचा. वीस-बावीस वर्षांचा असल्यापासून ही जागा त्याची. तिथे त्याचा आवाज कधी चढला नाही. मी लहानपणी विचारलं होतं, इथे का नाही ओरडत? "इथे माइक नाही गं पुट्टी," तो म्हणाला. "माइक नसला की ओरडायची लाज वाटते." पुट्टी म्हणजे लहान मुलगी. मी पन्नाशीला आले तरी तो मला पुट्टीच म्हणायचा.

तो साठी ओलांडून गेला. बँड केव्हाच पांगला होता. केस पांढरे झाले, पण खांद्यापर्यंतच. मग बंगळूरच्या काही तरुण मुलांना त्याची आठवण झाली. त्यांना त्याची जुनी गाणी पुन्हा रेकॉर्ड करायची होती. चिक्कप्पाने वेगळंच सांगितलं. म्हणाला, जॅझवाल्यांची जुनी गाणी करू. आपल्याकडे एकच अभंग जो तो आपापल्या चालीत म्हणतो, तशी त्या लोकांची काही गाणी आहेत. साठ-सत्तर वर्षं हरेक गायकाने ती गायली आहेत. संथ, एकट्या माणसाची गाणी. ती मुलं गोंधळली, पण कबूल झाली. मी चिक्कप्पाला म्हटलं, उभं आयुष्य रॉकमध्ये घालवून आता हे काय? तो म्हणाला, "ती गाणी ओढून म्हणताच येत नाहीत, पुट्टी. ओढली की फाटतात. अण्णाच्या तोंडून एकदा बरं बसलंय ऐकायचंय. साकु, तेवढं पुरे, मग काही नको."

पियानो वाजवणार होता लेस्ली. बंगळूरच्या हॉटेलांत सगळी हयात पियानो वाजवलेला त्याचा जुना मित्र. तो कायमचा ऑस्ट्रेलियाला मुलीकडे निघाला होता, त्याच्या जाण्याआधी काम उरकायचं होतं. नजरबादेत एका जुन्या बंगल्यात चांगला पियानो होता, तिथे तीन दिवस ठरले. कव्हरवरच्या फोटोसाठी अप्पांनी राखी लोकरी कोट कापायला घेतला. त्या महिन्यात सोमवारी दोन ट्रायली व्हायच्या, एक कोटाची आणि एक गाण्यांची. कोट सुधारत होता. गाण्यांना अप्पा अजून म्हणत होते, "कमी झालंय. पण खांद्यात आहे थोडं."

एका बुधवारी अप्पा टेबलाजवळच्या स्टुलावर बसले आणि उठले नाहीत. शेजारच्या दुकानदाराने मला शाळेत फोन केला. मी दहावीला गणित शिकवते, तेव्हा फळ्यावर प्रमेय अर्धं झालं होतं. ते पूर्ण करून मी निघाले. दुकानात पोचले तर इस्त्रीचं बटण चालूच होतं, ते आधी बंद केलं. रडू आलं नाही. आई आधीच गेली होती आणि मी एकुलती एक, त्यामुळे लोक माझ्याकडे बघत होते, आता हिचं कसं होणार म्हणून. मला मात्र आतून बधिर वाटत होतं, दात काढल्यावर गाल वाटतो तसं.

अग्नी चिक्कप्पाने दिला. आधी स्मशानात न्हाव्यासमोर बसला. कारखान्याचा मॅनेजर, गणपतराव आणि तीन मुलींचे बाप यांना जे चाळीस वर्षांत जमलं नव्हतं ते पाच मिनिटांत झालं. मुलींचे बाप त्याचे केस बघूनच परत गेले होते. लग्न त्याचं झालंच नाही. डोक्यावरून हात फिरवत त्याने मला विचारलं, "थंडी आहे का गं?" मी नाही म्हटलं.

तो दहा दिवस क्रियेला बसला. जमिनीवर झोपायचं, एकदाच जेवायचं, चप्पल घालायची नाही, उंबरा ओलांडायचा नाही. घरात सुतक, दुकानाला कुलूप. अप्पा रात्री घरी चालवायचे त्या मशीनचा आवाज बंद झाल्यावर आमच्या घरात घड्याळ आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "पुट्टी, लेस्लीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं आहे. उद्यापासून तीन दिवस ठरलेत. तू नको म्हटलंस तर नाही जात."

"जा," मी म्हटलं.

ते का म्हटलं, याचा नंतर मी पुष्कळ विचार केला. मोठ्या मनाने म्हटलं असं मला स्वतःला सांगता आलं असतं. खरं असं की नको म्हटलं असतं तर त्यापुढे आणखी काही बोलावं लागलं असतं. जा म्हटल्यावर काही बोलावं लागत नव्हतं.

तो गेला. तुळतुळीत डोकं, कमरेला पंचा, खांद्यावर उपरणं, अनवाणी. कोपऱ्यावरून रिक्षा करायचा आणि दुपारी परत येऊन आंघोळ करून आपलं एकदाचं जेवण स्वतः शिजवून जेवायचा. तिकडे काय झालं, कसं झालं, मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी फोटोवाला येणार होता, म्हणून त्याने दुकानाची किल्ली मागितली आणि कोट घेऊन आला. कोट कच्च्या टाक्यांतच होता. पक्की शिलाई घालायच्या आधी तुकडे जागेवर धरून ठेवायला शिंपी पांढऱ्या दोऱ्याने लांब-लांब टाके घालतो, ते. गळ्याभोवती, छातीवर, दोन्ही बाह्यांवर पांढरे दोरे. मी म्हटलं, कुणा शिंप्याकडून पुरा करून घे, नाहीतर निदान हे दोरे तरी काढ. "दोरे काढले तर कोट कुठला उरतो? तुकडे हातात येतील," तो म्हणाला. "आणि अण्णाच्या कापाला दुसऱ्याची सुई नको." मग पंच्यावर तो कोट घालून निघाला. दारातून वळून पाहिलं त्याने. मी भांडी घासत होते.

मैसूर मोठं झालं असलं तरी आमचा समाज एवढासाच. सातव्या दिवशी संध्याकाळी गणपतराव आले. चहा घेतला नाही, सुतकाच्या घरचा घेत नाहीत. खुर्चीवर न बसता उभ्यानेच बोलले. "क्रियेला बसलेला माणूस उंबरा ओलांडतो आणि जाऊन इंग्लिश गाणी म्हणतो. हे बरं दिसतं का बाळ, तूच हेळु, तूच सांग." आत चिक्कप्पा ऐकत होता. मी सांगितलं, मीच जा म्हटलं. "तुझं चित्त ठिकाणावर नाही, तुला दोष देत नाही," म्हणाले आणि गेले. चिक्कप्पा बाहेर आला नाही.

दहाव्याला पश्चिमवाहिनीच्या घाटावर गेलो. नदीकाठी पिंड ठेवला आणि मंडळी दूर सरकली. बरेचदा कावळा अर्धा-अर्धा तास शिवत नाही. मग गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल यावर लोक तर्क करतात. अप्पांच्या पिंडाला तो तत्काळ शिवला. चिक्कप्पा हसला. दात दिसतील असा हसला, सगळ्यांसमोर. भाऊ गेल्याच्या दहाव्याला हसणारा माणूस कुणी पाहिला नव्हता. गणपतरावांनी तोंड फिरवलं.

पुढच्या एकादशीला त्यांनी टाळ दुसऱ्याच्या हातात दिला. चिक्कप्पा पुढच्या रांगेतून उठला, शेवटच्या रांगेत खांबाजवळ जाऊन बसला आणि बाकीच्यांबरोबर ध्रुवपद म्हणू लागला. त्यानंतर आठ वर्षं तो तिथेच बसला. एक एकादशी चुकवली नाही. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्याबद्दल थोडी लाज वाटली. एकदा मी म्हटलं, लेस्लीच्या तिकिटाचं एवढं समजावून सांग ना त्यांना. "सुम्मने, उगाच कशाला?" तो म्हणाला. "मागच्या रांगेत श्वास घ्यायला वेळ मिळतो."

सीडी निघाली. कव्हरवर चिक्कप्पा, चकचकीत डोक्याचा, पांढऱ्या दोऱ्यांच्या राखी कोटातला. बंगळूरच्या इंग्रजी पेपरात कौतुक आलं. लिहिणाऱ्याने म्हटलं होतं, या गायकाने रॉकबरोबर आपले प्रसिद्ध केसही त्यागले, आणि कोटावरचे ते उघडे टाके म्हणजे वेषभूषेतलं मोठं धाडस आहे. पुढे तिथल्या एका दुकानात मुद्दाम पांढरे टाके दाखवणारे कोट विकायला आले म्हणे. चिक्कप्पाने ते कात्रण दोनदा वाचलं. "अण्णाची फॅशन निघाली बघ," म्हणाला. खरं कारण त्याने पेपरवाल्यांना कळवलं नाही, आणि आमच्या मंडळींनी तो पेपर वाचला नाही.

मी ती सीडी ऐकली नाही. त्याने माझ्या हातात दिली, मी कपाटात कोटाखाली ठेवली. त्या दिवसांतलं काहीच मला पुन्हा नको होतं. त्याने कधी विचारलं नाही, ऐकलीस का म्हणून. दुकान आम्ही भाड्याने दिलं, तिथे आता मोबाइल दुरुस्त करतात. आरसा घरी आणून हॉलमध्ये लावला. चिक्कप्पा त्यात दाढी करायचा. त्याच्यासमोर उभा राहून तो पुन्हा कधी गायला नाही.

आठव्या वर्षी एका एकादशीला मंदिरातून आला, साबुदाण्याची खिचडी खाल्ली, मीठ कमी पडलंय म्हणाला आणि झोपला. सकाळी उठला नाही. गणपतराव नव्वदीला आले होते, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले. अग्नी कोण देणार यावर कुजबुज चालली होती. "तीच देईल. दुसरं आहे कोण?" असं म्हणून त्यांनीच ती थांबवली. अग्नी मी दिला. क्रियेला मीच बसले. पुन्हा तेच, जमिनीवर झोपणं, एकदा जेवण आणि घड्याळ. तेव्हाही रडू आलं नाही. लाल जमिनीवर पडल्या पडल्या मी छताचे वासे मोजले. सतरा होते.

नवव्या दिवशी दुपारी लेस्लीचा ऑस्ट्रेलियाहून फोन आला. त्याला उशिरा कळलं होतं. म्हातारा झाला होता, थांबत थांबत बोलत होता. म्हणाला, एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. माझ्यामुळे श्रीपादला भावाचे ते दहा दिवस नीट पाळता आले नाहीत असं तुम्हा लोकांना वाटत असेल. पण तुझे वडील गेल्याचं कळलं त्याच दिवशी मी तिकीट महिनाभर पुढे ढकललं होतं. त्याला तसं सांगितलंही. तो ऐकेना. म्हणाला, दहाव्याच्या आत झालं पाहिजे, दहाव्यानंतर काही उपयोग नाही. दहाव्याला काय असतं, लेस्लीने मला विचारलं. त्याने चिक्कप्पालाही विचारलं होतं, पण त्याने सांगितलं नव्हतं.

काय असतं ते मी त्याला सांगितलं. गेलेला माणूस दहाव्यापर्यंत घराच्या आसपासच असतो. आपलं बोलणं ऐकतो. दहावा झाला की जातो. आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. आठ वर्षं तो माणूस माझ्यासमोर बसून जेवत होता, खांबाजवळ जाऊन बसत होता, आणि मी, मुलांना दोन आणि दोन शिकवणारी बाई, तिकिटाचं कारण धरून बसले होते.

फोन ठेवला. कपाट उघडलं, कोट उचलला, खालची सीडी काढली आणि लावली. सुतकाचं घर, क्रियेला बसलेली मी आणि भर दुपारी इंग्रजी गाणं. समोरच्या घरातल्या बाई खिडकीत आल्या. मी आवाज कमी केला नाही.

जॅझ मला कळत नाही. ओढलेलं मात्र कळतं, लहानपणापासून बाकावर बसून तेच ऐकलं होतं. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. मी वाट बघत होते, आता ओढेल, आता ओढेल. नाही ओढलं. एकवेळ जेवलेल्या, चार दिवसांपूर्वी भावाला अग्नी दिलेल्या माणसाचा तो आवाज होता. त्यात रडणं नव्हतं, कण्हणं नव्हतं. शब्द एकापुढे एक ठेवत तो चालला होता. त्या दिवसांत मी भांडी घासत होते, तसाच तो गात होता. म्हणजे त्या घरात मी एकटीच बधिर झाले नव्हते. हे मला आठ वर्षं कळलं नव्हतं.

नऊ गाणी संपली. दहावं सुरू व्हायच्या आधी पियानोच्या बाकाची कुरकुर ऐकू आली आणि मग अगदी हळू, मराठीत, "अण्णा, ट्रायल घे."

मग गाणं. ते संपलं, पियानोचा शेवटचा सूर विरला आणि त्यानंतर सीडीवर बराच वेळ काहीच नव्हतं. मी आधी समजले सीडी संपली. पण प्लेअरवरचे आकडे पुढे सरकत होते. रेकॉर्ड करणाऱ्या मुलांनी तेवढी शांतता तशीच राहू दिली होती. कोटाच्या दोऱ्यांसारखीच तीही मुद्दाम ठेवलेली आहे असं त्यांना वाटलं असेल. मला ती ओळखू आली. हात खाली सोडून, सरळ उभा राहून तो निकालाची वाट बघत होता. कावळा शिवल्यावर तो का हसला तेही मला तेव्हा कळलं. त्याला आपलं उत्तर मिळालं असं वाटलं होतं. पण कावळ्याचं उत्तर ते कावळ्याचं. घरातल्या माणसाने तोंडाने म्हणायचं राहून गेलं होतं.

मी उठून आरशाच्या बाजूला उभी राहिले, दुकानात अप्पांचं टेबल असायचं त्या अंगाला. डोळे आणि नाक दोन्ही वाहत होतं, ते पदराने पुसलं.

"बरं बसलंय, चिक्कप्पा," मी म्हटलं. समोरच्या बाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं.

दहाव्याला अजून एक दिवस होता.